वरची फळी उघडणाऱ्याच्या स्वाधीन

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, योहाना आलीदा वोपेराइस, ख्रिस्तवासी हेन्रिकुस वोपेराइस यांची मुलगी, वय अडुसष्ट, अविवाहित, पूर्वी मुलींच्या शाळेत शिवणाची शिक्षिका, राहणार गाव हेल्डरब्रुक, भाग आख्टरहुक, आज पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अंगात ताप आहे, पण एवढ्या तापाने बुद्धी जात नाही असे डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. सध्या माझ्या घरात कोणी पाऊलच टाकू शकत नाही, तर दबाव कुठून आणणार!

अशा कागदात "कोणत्याही भीतीविना" असे लिहायची रीत आहे, असे नोटरीसाहेबांनी सांगितले. ते शब्द मी गाळते. मला भीती वाटते आहे. खोकला आला की टेबलाची कड धरते आणि पुढचा श्वास येतो का ते बघते. मठाच्या शाळेत सिस्टर ख्रिस्तोफोरांनी आम्हाला खोटे लिहू नये असे शिकवले होते. आता शेवटच्या पानावर ते कसे मोडू?

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हा कागद बंद पाकिटात नोटरीसाहेबांकडे ठेवला जावा.

पहिले कलम : घर.

माझे राहते घर, मागचे अंगण, नाशपातीचे झाड आणि विहिरीचा पंप हे सर्व मी माझा भाचा रोलंड वोपेराइस यास देते. मात्र एका अटीवर. ती अट समजण्यासाठी या घराबरोबर काय काय येते ते लिहावे लागेल. रोलंड शहरात वाढला. त्याचा यात दोष नाही.

आमच्या भागात घर विकत घेतले, बांधले किंवा वारशाने आले, की त्याबरोबर एक शेजारी येतो. नुसता बाजूला राहणारा नव्हे, तर अडीनडीचा शेजारी. कोण कुणाचा, हे घराघरांत ठरलेले असते, माणसांत नाही. बाळ जन्मले की पहिली खबर त्याला. घरात कोणी गेले की डोळे मिटणे, अंघोळ घालणे, घड्याळ थांबवणे, गावभर निरोप देणे हे त्याच्या घरच्यांचे काम. पटो न पटो. माझ्या घराचा अडीनडीचा शेजारी म्हणजे समोरचे क्राबेनबोर्खांचे घर आणि त्या घराचे आम्ही. माझ्या आजोबांच्याही आधीपासून.

शिवाय रोजचे एक काम असते. आमच्याकडे मागचे दार दोन फळ्यांचे. खालची फळी बंद ठेवून वरची उघडता येते. सकाळी उठल्यावर आधी वरची फळी उघडायची, मग कॉफी. क्राबेनबोर्खांचे आणि आमचे मागचे दार समोरासमोर, म्हणून समोरच्याने बघायचे की उघडली. बस, एवढेच. उघडली म्हणजे घरातले माणूस उठले आहे. नाही उघडली तर जाऊन बघायचे.

तर अट अशी की रोलंडने या घरात येऊन राहावे, आणि रोज सकाळी वरची फळी उघडून समोर बघावे. राहता येत नसेल तर असे बघणाऱ्याला घर भाड्याने द्यावे. हे दोन्ही जमत नसेल तर घर आमच्या चर्चकडे जाईल, याच अटीवर. सुट्टीपुरते येणाऱ्यांना ते विकता येणार नाही.

गेल्या रविवारी फोनवर आमचे बोलणे झाले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे "आत्या बोललीच नाही" असे व्हायला नको.

"आत्या, ते घर आता विकून टाक. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. खाली दुकान आहे. तिथे तुला कोण आहे?"

"तुझ्या इमारतीत तुझ्या शेजारी कोण आहे?"

"असेल कोणीतरी. नाव आहे पाटीवर."

"तो सकाळी उठला की नाही, तुला कसं कळतं?"

"मला कशाला कळायला हवं, आत्या?"

रोलंड, बाळा, हे तू वाईट मनाने बोलला नाहीस हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ हात त्यावरून काढला नाही. दर रविवारी न चुकता फोन करणारा तू एकटाच, आणि मी मेले तर तुला पुढच्या रविवारी कळेल.

दुसरे कलम : दोरुस क्राबेनबोर्खशी असलेले वैर.

मृत्युपत्रात वैर कुणाला देता येत नाही, पण मिटवता तरी यावे, म्हणून लिहिते.

तेओदोरुस क्राबेनबोर्ख, गावात सगळे दोरुस म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे, माझा समोरचा. त्याची बायको रीक ही माझी बाकावरची मैत्रीण. मठाच्या शाळेत आम्ही एकाच खोलीत झोपत असू. रोज सकाळी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी मी तिच्या दोन वेण्या घालायची, कारण तिला मागचा भांग सरळ पाडता यायचा नाही. गव्हाच्या काडासारखे तिचे केस. सिस्टर म्हणायच्या, "आलीदा, वेण्या घालतेस की वेलबुट्टी काढतेस? प्रभू वाट बघतोय." पुढे ती दोरुसशी लग्न करून माझ्या समोरच राहायला आली, तेव्हा मला वाटले की देवाने माझ्यावर खास मेहेरबानी केली.

रीक गेली तेव्हा तिला अंघोळ घालण्याचा, कपडे घालण्याचा मान माझा होता. मान म्हणा की काम म्हणा, दोन्ही एकच. मी तागाचा अंगरखा इस्त्री करून, हात धुऊन बसले होते. आणि समोर शहरातली काळी गाडी येऊन थांबली. दोरुसने पैसे देऊन परकी माणसे बोलावली. रीकला पुढच्या दारातून नेले. आमच्याकडे पुढचे दार फक्त नवरीसाठी आणि शवपेटीसाठी उघडते. इतर वेळी सगळे मागून. त्या दिवसापासून मी दोरुसशी बोलले नाही. चर्चमध्ये शांतीचा हात द्यायची वेळ आली की मी मुद्दाम मागच्या बाकाकडे वळायची.

तरी रोज सकाळी वरची फळी उघडून बघायचे मी थांबवले नाही. त्यानेही नाही. आम्ही मान हलवायचो नाही, हसायचो नाही. तो बघायचा, मी बघायची, मग दोघेही आत. घराचे वैर नव्हते, माणसांचे होते.

तिसरे कलम : मागच्या मंगळवारी जे झाले त्याबद्दल.

हे कलम मालमत्तेचे नाही. पण मी गेलेच, तर कशामुळे, हे रोलंडला कळावे. दोष कुणाला देऊ नये, म्हणूनही लिहिते.

कोरोना आल्यावर मिस्सा बंद झाली. फादरांनी सगळ्यांना निरोप पाठवला की आसपासच्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करा, पण आत जाऊ नका, दारात ठेवा आणि दूर व्हा. आमच्या बांधापलीकडच्या घरात मागच्या पानगळीत शहरातून नूर्त्ये नावाची मुलगी राहायला आली आहे, नवरा आणि दोन लहान मुले. मनाची फार चांगली. तिने निरोप मनावर घेतला, आणि उद्या दोरुसला वाटाण्याचे सूप देणार असे सोमवारी मला बांधावरून सांगितले. मंगळवारी सकाळी तिने वाटाण्याचे सूप केले आणि दोरुसच्या पुढच्या दाराशी ठेवले. बेल वाजवली. दार उघडले नाही. म्हातारा झोपला असेल असे समजून ती खिडकीला हात हलवून परत गेली. शहरात पुढच्याच दाराला बेल असते, तिला कोण सांगणार?

मी माझी वरची फळी उघडली तेव्हा समोरची बंद होती.

मी कॉफी ठेवली. म्हटले, उशीर झाला असेल. कॉफी ओतली. फळी बंद. माझी छाती लहानपणापासून दुबळी. डॉक्टरीणबाईंनी मला बजावले होते की तुम्ही कुणाच्याही घरात पाऊल ठेवायचे नाही. नूर्त्येला हाक मारावी तर तिची मुले अंगाखांद्यावर. मी खुंटीवरचा कोट घेतला आणि परत लावला. खोटे कशाला सांगू, मी जपमाळ हातात घेऊन खुर्चीत बसले, आणि ती प्रार्थना नव्हती, नुसते बोटांना काम होते. कॉफीवर साय धरली.

तेव्हा सिस्टर ख्रिस्तोफोरा आठवल्या. लढाईच्या दिवसांत त्या तळघरात मुली सांभाळत. त्या सांगायच्या, "भीती वाटली की देवाला 'ही घालव' म्हणून सांगत बसू नका. कुणाच्या तरी दाराशी जा. पोचेपर्यंत अर्धी उतरते. उरलेली अर्धी दार उघडणाऱ्याबरोबर वाटून घ्या."

मी गेले. अंगण ओलांडेपर्यंत काही अर्धी उतरली नाही, हे सिस्टरांना स्वर्गात भेटल्यावर सांगणार आहे.

दोरुस चुलीजवळ जमिनीवर पडलेला होता. अंग भट्टीसारखे, ओठ निळसर. मला बघून म्हणाला,

"आली मठातली मांजर! दार नाही वाजवायचं?"

"वाजवलं असतं तर उघडणार होतास का तू?"

"पुढचं दार वाजलं मघाशी." त्याचा श्वास पुरत नव्हता. "मी म्हटलं, आला न्यायला. गप्प पडून राहिलो. म्हटलं, घरात कोणी नाही असं वाटून जाईल पुढे."

"अरे, ती नूर्त्ये होती. सूप घेऊन आली होती."

"सूप?" त्याने डोळे मिटले. "कसलं?"

"वाटाण्याचं."

"आणि मी मरणाला घाबरून उपाशी पडलोय." तो हसायला गेला आणि खोकत सुटला. मी त्याचे डोके मांडीवर घेतले. तोंडावर फडके बांधायचे मला तेव्हा सुचलेच नाही. फोन करून मदत मागवली आणि तशीच बसून राहिले. तो माझ्या हाताला घट्ट धरून होता. शेतकऱ्याचा हात, माझी बोटे कळवळली. मला पळून जावेसे वाटत होते, हेही लिहिते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आलीदा, तुला अजून राग आहे ना?"

"आता काय बोलायचं ते, दोरुस! गप्प पड."

"रीकनेच सांगितलं होतं."

"काय?"

"तिचे केस गेले होते गं सगळे. औषधांनी. टोपी काढायची नाही ती, माझ्यासमोरसुद्धा. म्हणाली, आलीदाला बोलावू नकोस. तिने माझ्या वेण्या घातल्यात. तिला तेच डोकं आठवू दे. आणि हेही म्हणाली की तिला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर ती टोपीखालचं डोकं मनाने बघत बसेल."

"मग आज का सांगतोस?"

"आज मला न्यायला येतायत म्हणून. मागे तू राग धरून बसशील एकटीच."

मग गाडी आली. अंगभर पांढरे कपडे घातलेली दोन माणसे उतरली. ती पुढच्या दाराकडे निघाली. मी ओरडले, "मागून! मागून या! ते दार नाही उघडायचं!" त्यांना वाटले असेल की ही बाई भ्रमली आहे. पण ती मागून आली, आणि दोरुस मागच्या दारातून गेला. मागच्या दारातून गेलेला माणूस परत येतो, असे माझी आई म्हणायची. माझा आज त्यावर सगळा भरवसा आहे.

त्यानंतर शनिवारी मला ताप भरला.

सबब, दोरुसशी असलेले माझे वैर संपले आहे, आणि माझ्या वारसांनी ते पुढे चालवू नये. नूर्त्येलाही कुणी बोल लावू नये. घरात नवीन माणसे आली की शेजाऱ्यांनी त्यांच्या दाराला डहाळ्यांची हिरवी कमान बांधून जायचे, त्यांनी कॉफी आणि दारूचा छोटा पेला पुढे करायचा, मग शेजार जुळतो. नूर्त्येकडची कमान थंडीमुळे राहून गेली आणि मग हा आजार आला. तिला मागचे दार कुठले हे कुणी दाखवलेच नाही.

चौथे कलम : इतर वस्तू.

शिवणाचे यंत्र, कात्र्या आणि अंगुस्ताने शाळेला. मोठ्या कात्रीने कागद कापू नयेत. मी वर असले तरी मला कळेल.

वेदीची वस्त्रे मी घरी दुरुस्तीला आणली होती, ती चर्चची आहेत. जांभळ्या वस्त्राची एक कड उलटी शिवली गेली आहे. उसवून पुन्हा शिवायला वेळ मिळाला तर शिवेन.

बँकेत आहे ते रोलंडला. फार नाही, पण कुणाचे देणेही नाही.

तागाचा अंगरखा, जो मी रीकसाठी इस्त्री केला होता, तो कपाटाच्या खालच्या खणात आहे. तो माझ्या अंगावर घालावा. सध्या शवाला कुणी हात लावू शकत नाही असे ऐकते. तसे असेल तर घडी करून पेटीवर ठेवावा. आणि मला पुढच्या दारातून न्यायचे तेव्हा त्या दाराला आधी तेल घालावे. ते फार करकरते, आणि शेवटच्या वेळी आवाज करत जायला मला आवडणार नाही.

हात थकला. उरलेले उद्या.

पाचवे कलम. बुधवारी लिहिले.

काल या कलमात मी लिहिणार होते की दोरुसची फळी बघण्याचे काम रोलंड येईपर्यंत कुणाकडे द्यावे हे मला कळत नाही. आज ते वेगळे लिहावे लागत आहे.

सकाळी मला उठता आले नाही. खिडकीतून उजेड आत आला, चर्चची घंटा झाली, आणि माझे पाय माझे राहिले नव्हते. तेव्हा पहिल्यांदा कळले की माझी वरची फळी बंद आहे आणि ती बघायला समोर कोणी नाही. दोरुस इस्पितळात. रोलंडचा फोन रविवारी. एवढी वर्षे मी दुसऱ्याची फळी बघत आले, पण बंद फळीच्या आत पडून राहणे म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. छताकडे बघत होते. आई, रीक, सिस्टर, सगळ्यांना हाका मारून झाल्या. मरणाला मी घाबरत होते त्याहून या गोष्टीला जास्त घाबरले की हे असेच लांबेल आणि कुणाला कळणार नाही.

मग मागच्या दारावर मुठीने ठोकल्याचा आवाज आला.

"आलीदा मावशी! ओ मावशी! फळी बंद आहे!"

मी पलंगाच्या कडेकडे सरकू लागले.

"मावशी, मी नूर्त्ये! मागून आलेय बघा! या वेळी मागून आलेय! काहीतरी बोला, नाहीतर मी दार तोडीन, आणि मला तोडता येत नाही!"

मी पलंगाशेजारचा पेला जमिनीवर पाडला. तेवढेच जमले.

"ऐकलं! ऐकलं हां! सावकाश या. मी कुठेही जात नाही."

भिंतीला धरून धरून मी दारापर्यंत आले आणि वरची फळी उघडली. ती अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी होती, तोंडाला स्वयंपाकघरातला रुमाल, डोळे लाल. तिच्या मागे दोरुसचे घर. आणि त्याची वरची फळी उघडी.

मी खालच्या फळीवरून पुढे वाकले. "आला का तो? दोरुस आला?"

"नाही हो. मी उघडली. त्यांच्या शेळीला चारा घालायला गेले होते." मग ती जरा ओशाळली. "बंद दार रोज समोर बघून तुम्हाला बरं वाटलं नसतं. म्हणून उघडून ठेवली. आणि मागे वळले तर तुमची बंद."

"तुला कुणी सांगितलं बघायला?"

"तुम्हीच. गाडी गेली त्या दिवशी बांधावरून इतकं झापलंत मला पुढच्या दारावरून, सगळं सांगून टाकलंत की. डॉक्टरांना फोन करू?"

"आधी कर. मग काय बोलायचं ते बोलू."

डॉक्टरीणबाई खिडकीतून बघून गेल्या. इस्पितळात न्यायचे की नाही हे संध्याकाळी ठरेल. भीती आहेच. पण सकाळची भीती आणि आताची यांत फरक आहे, आणि तो लिहून सांगता येण्यासारखा नाही.

तरी मी नूर्त्येला या मृत्युपत्राने काहीही देत नाही. एक सुतळीही नाही. कारण ती साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि साक्षीदाराला काही द्यायचे नाही असा कायदा आहे. तिला मी फक्त काम देते. क्राबेनबोर्खांच्या आणि माझ्या घराचा अडीनडीचा शेजार, रोलंड येईपर्यंत, आणि तो नाही आला तर पुढेही. हिरवी कमान मी बरी झाले तर स्वतः बांधीन.

दुपारी इस्पितळातून एका परिचारिकेचा फोन आला. दोरुसने जवळचे माणूस म्हणून माझे नाव दिले आहे. "ते अजून प्राणवायूवर आहेत," ती म्हणाली, "काही सांगता येत नाही. पण रोज सकाळी एकच विचारतात, आम्हाला अर्थ लागत नाही. आलीदाची वरची फळी उघडली का?"

मी म्हटले, "सांगा त्यांना, आज उशिरा उघडली. पण उघडली."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि खालच्या फळीवर कागद ठेवून, वर दगड ठेवून, मागे सरून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

योहाना आलीदा वोपेराइस

साक्षीदार पहिला : हर्मानुस वेसिंक, चर्चचा घंटावाला. कर्तीला मी लहानपणापासून ओळखतो. सही करताना तिचा हात कापत होता, बुद्धी नाही. तिने मला घंटेच्या दोराची गाठ चुकीची आहे असे सांगितले.

साक्षीदार दुसरी : नूर्त्ये फान डेर लिंडे, बांधापलीकडची. वरची फळी उघडी होती. बाईंना मी दारात उभे पाहिले. उद्या सकाळी पुन्हा बघेन.

ठिकाण : हेल्डरब्रुक, मागचे दार.
दिनांक : ८ एप्रिल २०२०, पवित्र आठवड्यातला बुधवार.